रद्द केलेल्या नवसाचा नारळ

हसू नका हं, पण आमच्या केतकीचं सांगते. केतकी म्हणजे माझी सून, घरूनच कॉम्प्युटरचं काम करते. तिची कूस उजवावी म्हणून मी वणीच्या देवीला नवस बोलले होते आणि लाल कापडात बांधलेला नारळ देवघरात ठेवला होता. परवा सकाळी ती म्हणाली, "आई, तो नवस रद्द करा ना. रोज नारळ दिसतो आणि वाट बघणं सोसत नाही."

तिच्यासाठी देवीपुढे हात जोडले, म्हटलं, मोकळं कर गं आई.

दुपारी बघते तर ही कपाळाला हात लावून बसलेली.

"काय झालं गं?"

"प्रोग्रॅम सारखा बंद पडतोय. डिस्ककडे माहिती मागितली होती, ती यायच्या आत मागणी रद्द केली आणि तिच्यासाठी मेमरीत ठेवलेली जागा लगेच दुसऱ्या कामाला दिली."

"मग? रद्दच केलीस ना?"

"रद्द केली तरी तिकडून उत्तर यावं लागतं, आई. कधी कधी आपण नको म्हणेपर्यंत माहिती निघालेलीही असते आणि ती त्याच जागेत येऊन पडते. तोवर जागा राखायची असते. मी घाई केली."

संध्याकाळी प्रसाद करावा म्हणून मी नारळाची गाठ सोडायला घेतली, तर केतकीने धावत येऊन माझा हात धरला.

"राहू द्या, आई."

"अगं, तूच रद्द करायला सांगितलंस!"

"हो. पण देवीचं उत्तर कुठे आलंय अजून?"