पिन मी घातली होती

— बसा म्हटलं तर बसत नाही तुम्ही, बरं, उभे राहा. बघायचंच आहे ना, मग वाकून बघा. हा झुंबर मेकॅनिक क्लिप लावायला विसरतो, हेच सांगितलं ना तुम्हाला? तिकडे दादरा गावच्या गॅरेजात सांगितलं? — नको, नाव नका घेऊ, मला माहितीये कोण ते. अख्ख्या सिल्वासात चिखलमातीत पळवायच्या परदेशी मोटारसायकली तीन, त्यात तुम्ही कंपनीत नवीन, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक म्हटल्यावर आधी तिकडेच जाणार. मग इकडे का आलात? त्याच्याकडे ब्रेकचे पॅड नसतील. बघा, बरोबर.

हे जुने पॅड. नुसता पत्रा राहिलाय. अजून एक रविवार माळावर उड्या मारल्या असत्या तर डिस्कही गेली असती. आता हे दट्टे आत ढकलायचे — हळू, वरच्या डबीतलं ऑइल सांडायला नको — पिन पॉलिश पेपरने घासायची, पॅडला ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही. नवे पॅड आत, दोघांच्या भोकातून पिन आरपार, आणि पिनेच्या टोकाला ही क्लिप. एवढीशी तार, पण ही नसली ना, तर दगडधोंड्यात आपटून आपटून पिन सरकते, बाहेर येते, पॅड पडतो, मग लिव्हर दाबत बसा. म्हणून माझा नियम — पिन ज्याच्या हाताची, क्लिप त्याच्याच हाताची. मधे शेठ येऊ दे, बायको जेवायला हाक मारू दे, उठायचं नाही.

एकदाच उठलो. त्र्याण्णव साली, दिवाळीनंतर. रांध्याला शर्यत होती, कल्पेशची गाडी — दोऱ्याच्या मिलवाल्या शेठचा मुलगा. असेच पॅड बदलले, पिन घातली, तेवढ्यात शेठची मोटार दारात, हॉर्नवर हॉर्न. क्लिप गोकुळच्या हातात दिली, म्हटलं लाव. गोकुळ म्हणजे माझा मेव्हणा, दुर्गाचा धाकटा भाऊ — शहाद्याहून मीच आणला, काम मीच शिकवलं, सहा वर्षं माझ्या घरी जेवला. म्हणाला, ‘लावली दाजी.’ मी वाकून बघितलं नाही. का बघू? घरचा माणूस! तिसऱ्या फेरीला उतारावर ब्रेक गेला, कल्पेशचा पाय तीन ठिकाणी मोडला, अजून लंगडतो. तिसऱ्या दिवशी शेठ दुकानात आला, चार माणसं घेऊन. पॅड कोणी बसवले? आणि गोकुळ, माझ्याकडे बघत — ‘दाजींनी.’

नाही, त्याचं सोडा. घाबरला असेल, लग्न आठ दिवसांवर, मुलीचा बाप शेठच्याच मिलमध्ये. मी म्हटलं, शेठ, पिन माझी, पण क्लिप मी ह्याच्या हातात दिली, दुर्गाला विचारा, डबा घेऊन आली होती, इथेच उभी होती. मीच विचारायला लावलं, कळलं का तुम्हाला? मीच! तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘सगळं ह्यांनीच केलं. गोकुळने हात नाही लावला.’ — तिला दिसलं नसेल. असंच मानलं मी. डब्याची घाई, तिला काय कळतंय क्लिपमधलं. दोन वर्षं मानलं. मिलचं काम गेलं, मेन रोडवरचं दुकान जाऊन डोकमर्डीच्या या कोपऱ्यात आलो, गोकुळने दादऱ्याला स्वतःची पाटी लावली, तरी मानलं. घरात शब्द नाही काढला.

मग गेल्या राखीला — ती दादऱ्याला गेलेली, जाणारच, भाऊ आहे — माझ्या बोटात पत्र्याचं कुसळ गेलं, काढायला सुई हवी होती, म्हणून तिचा पावडरचा डबा उघडला. केसांच्या आकड्यांत ती क्लिप होती. आकड्यासारखीच दिसते की ही हातातली, हे बघा — पण मला ओळखू येणार नाही होय? त्याने शर्टाच्या खिशात टाकली असणार नि विसरला, शर्ट तिने धुतला. म्हणजे शेठने विचारलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. सगळं! बरं, विहिरीत टाकायची होतीस ना बाई — टाकली नाही. का नाही टाकली? रोज वेणी घालताना बघते ती. मी परत ठेवली, होती तशी. मला कळलंय हे तिला माहीत नाही, कोणालाच — हे मी अजून कोणाला — तुम्ही पण ना साहेब, गप्प उभे राहता आणि माणूस बोलत सुटतो.

— ये गं, ठेव तिथे. काही नाही, ब्रेकचं सांगत होतो. — घ्या चहा. आणि गाडी हलवायच्या आधी लिव्हर पाच-सहा वेळा दाबा, कडक लागेपर्यंत, नाहीतर पहिल्याच वळणावर ब्रेक लागायचा नाही. काय? क्लिप? आत्ताच लावली की, तुमच्या समोर. बोलण्यात लक्ष नव्हतं तुमचं? — थांबा, कशाला वाकताय. दुर्गा, तू आलीस तेव्हा लावतच होतो ना मी? बघितलंस ना? सांग ह्यांना.

सांग ना.

— जा साहेब तुम्ही. दुकान बंद करायचंय.