जवळचा नंबर

हॅलो?… हो, बोल… छे, झोपते कसली, सकाळचे अकरा वाजलेत.

बाबांच्या खोलीत. कपाट आवरतेय… दादा परवाच गेला, त्याची रजा संपली. आई शेजारच्यांकडे जाऊन बसलीय, तिला बोलायला कुणीतरी हवं… हो, जेवते. तू कामाचं बोल. सहज फोन करणाऱ्यातली तू नाहीस.

…हं. मंजुरी. वाटलंच.

नाही देणार.

अगं, नीटच ऐकलंस. नर्सना औषधांची माहिती देणारं आपलं एआय मॉडेल सोमवारी हॉस्पिटलमध्ये सुरू करायचंय ना? करा की माझ्या सहीशिवाय… होत नाही? मग झालं तर.

रुसवा कसला त्यात? अगं, ऐक ना. सकाळी लॅपटॉप उघडला. म्हटलं, सही करण्याआधी चार प्रश्न विचारून बघू, नर्स विचारेल तसे. एक इंजेक्शन घेतलं, विचारलं, लहान मुलाला किती द्यायचं?… आलं की उत्तर, लगेच आलं. खाली माहितीपत्रकाचा नंबरही, चव्वेचाळीसशे सतरा. ते पत्रक उघडलं. मोठ्या माणसांचं.

…हो. डोसही मोठ्या माणसाचाच.

नाही, मॉडेल वेडं झालेलं नाही. मला बोलू देशील? लहान मुलांचं पत्रक आपल्याला कुणी दिलेलंच नाही. आपलं मॉडेल कपाटात जाऊन शोधत नाही, सगळी पत्रकं पाठ केल्यासारखं नंबर आठवून सांगतं. त्याला आठवला चव्वेचाळीसशे अठरा. असा नंबरच नाही आपल्याकडे. तिथे थांबून ‘सापडलं नाही’ म्हणायला हवं होतं.

…कारण मध्ये एक पॅच बसलाय, कोडचं ठिगळ. नसलेला नंबर आला, की शेजारचा असलेला उचलायचा आणि पुढे जायचं.

कुणी लिहिला म्हणजे? मी.

हो, मीच. बाबा आत होते तेव्हा. आयसीयूबाहेरच्या त्या निळ्या खुर्च्या, तिथे बसून. बुधवारी डेमो होता, आणि दर दहा प्रश्नांमागे एकदा ‘सापडलं नाही’ येत होतं. म्हटलं, एका दिवसापुरता लावू. मग… मग काढायचा राहिला. आकडे वर गेले, तुम्ही केक कापलात, मला फोटो पाठवलात.

चाचणीत कसं दिसेल? चाचणीतल्या प्रत्येक प्रश्नाचं पत्रक आपल्याकडे आहेच. शेजारचे नंबर एकाच औषधाचे, त्यामुळे बऱ्याचदा बरोबरही निघतं. तेच तर वाईट.

…का लिहिला ते नको विचारूस. त्या आठवड्यात मला कुणाकडूनच ‘नाही’ ऐकायचं नव्हतं.

हॅलो?… आहे. आहे मी.

काय?… ‘शंभरात दोनदाच चुकतं’? हे वाक्य तुझं नाही. स्पीकरवर आहे ना मी? तरीच म्हटलं, विहिरीत उतरून बोलतेयस की काय.

नमस्कार सर… हो, सावरतेय… आभार… हो, ऐकलंत ते खरं आहे… नाही, नंतर दुरुस्त नाही करायचं. नर्स ते उत्तर सोमवारीच वाचणार आहे.

सर, माझे वडील बस डेपोत स्टोअर सांभाळायचे. एकतीस वर्षं… नाही, विषयावरच आहे मी. मेकॅनिक खिडकीशी येऊन पार्टचा नंबर सांगायचा. ब्रेकचा, समजा. नसला, तर बाबा त्याच्याच चिठ्ठीवर ‘नाही’ लिहून परत द्यायचे. शेजारच्या खणात जवळच्या नंबरचा असायचा, ठोकून बसलाही असता. पण नाही म्हणजे नाही. बस उभी राहायची, मॅनेजर येऊन तोंडसुख घ्यायचा, बाबा चहा पीत ऐकायचे.

…भावनेच्या भरात? नाही सर. भावनेच्या भरात होते तेव्हा तो पॅच लिहिला.

दुसऱ्या कुणाची सही घ्या, जरूर. पण मी फॉर्ममध्ये नामंजूर करून कारण लिहिलंय. प्रश्न, उत्तर, दोन्ही नंबर आणि पॅच कुणाचा तेही. जो सही करेल त्याला आधी ते वाचावं लागेल… माझं पुढे काय ते तुम्ही ठरवा. मी गुरुवारी येतेय… बरं.

…गेले का? दार आपटलं की वाऱ्याने लागलं?… हसू नकोस, ऐकू जाईल.

अगं, नाही रडत. धूळ आहे कपाटात… त्यांनी एकदा विचारलं होतं, तुझं मशीन नक्की करतं काय. मी म्हटलं, बाबा, त्याला सगळं स्टोअर पाठ आहे. तर म्हणाले, ‘आणि आठवलं नाही तर?’ मी म्हटलं, आठवतं हो. त्यांनी पेपर उचलला.

असो. एक काम कर. चाचणीच्या प्रतीतून मी पॅच सकाळीच काढलाय. तिथून तोच प्रश्न विचार, लहान मुलाचा… आता. थांबते मी.

…काय आलं? ‘सापडलं नाही’?

सर दाराबाहेरच आहेत ना अजून? मग जरा मोठ्याने वाच.

…हं.

परत वाच.

…हं. ठेवते आता. आई आली.