हळद काही लाल होईना

विज्ञान कधी खोटं बोलत नाही, असं मी वर्गात ठणकावून सांगते. त्या दिवशी थोडं बोललं असतं, तर माझ्यावर उपकार झाले असते.

आमच्या सांगलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. प्रमुख पाहुणे कोण, तर हळदीचे मोठे व्यापारी, सहावीतल्या श्रावणीचे वडील. विज्ञानाशी त्यांचा संबंध एवढाच, की प्रयोगशाळेतले पंखे त्यांनी दिलेत. प्रयोगासाठी हळदही त्यांनीच पाठवली होती, 'एक नंबरचा माल' म्हणून.

प्रयोग अगदी साधा. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की लाल रंग येतो. मी घातली. पाणी पिवळंच. आणखी घातली, तरी पिवळंच. मुख्याध्यापक माझ्याकडे असे बघायला लागले, जणू लाल रंग मीच पर्समध्ये लपवून ठेवलाय.

शेठ मात्र मोठ्या मनाने हसले. "आवं मॅडम, तुमच्या चुन्यातच दम न्हाई. आमची हळद लय कडक हाय, असा कवाबी रंग बदलत न्हाई ती!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, नोकरी करायची आहे मला.

तेवढ्यात श्रावणी उभी राहिली. मला वाचवायला हो, बिचारी!

"मॅडम, तुमचं काही चुकलं नाही. काल मी घरी हाच प्रयोग केला, तेव्हा लगेच लाल झालं होतं. पण ती आमची खायची हळद होती. ही विकायची आहे."