आईच्या कानाशी स्पीकर

आमच्या आईला कमी ऐकू यायचं, तेव्हाचं सांगतो. रविवारी आमच्याकडे टीव्हीवर सिनेमा बघायला सगळी चाळ जमायची. आई सारखी विचारायची, “काय म्हणाला रे तो?”

चाळीतलं कोणीतरी म्हणायचं, “आजी, नंतर सांगतो.”

नंतर कोणी सांगायचं नाही. माझा जीव नुसता तळमळायचा.

शेवटी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कामाला असलेल्या मित्राकडून एक छोटा स्पीकर आणला. टीव्हीला इयरफोनचं एकच भोक होतं. त्यात पिन घातली आणि स्पीकर आईच्या कानाशी धरला. तर टीव्हीचा स्वतःचा आवाजच बंद! स्पीकरचा आवाज जेमतेम आईपुरता.

“काका, काढा ती पिन!” सगळे ओरडायला लागले. मी पिन काढायला उठलो, तेवढ्यात आई खुदकन हसली. शेजारच्या वहिनींना राहवेना. त्या आईच्या कानात ओरडल्या, “आजी, काय म्हणाला तो?”

पडद्यावरची नजर न काढता आई म्हणाली, “नंतर सांगते.”

मी परत खाली बसलो.