गळ्यात वीणा असताना

फुलाबाई : तोंड फिरवू नका, भावजी. भोरला डॉक्टरच्या रांगेत माझ्यापुढं चौथे तुमीच होता. टोपी डोळ्यांवर ओढली म्हणून काय झालं?

कुंडलिक : सर्दीचं औषध आणाया गेलो हुतो, वयनी.

फुलाबाई : सर्दीला गुडघ्याचा फोटो काढत्यात व्हय? काखेतल्या त्या मोठ्या पाकिटात काय हुतं मग?

कुंडलिक : हळू बोला. सुलक्षणा आत डबे लावतीया.

फुलाबाई : ऐकू दे की लेकीला. दीड वरीस गुडघ्यासाठी तिची पावडर खाल्ली म्या, सकाळी उपाशीपोटी, दुधातनं. आज डॉक्टर काय म्हणाला ठावं हाय? आजी, हाडांमधली गादी एकदा झिजली की खाऊन भरत न्हाई. दुखाय लागलं तवाच आला असता, तर मांडीचा व्यायाम शिकवला असता, आणखी चार वरसं निभावलं असतं. आता हाडावर हाड घासतंय. आता कापायचंच.

कुंडलिक : एखाद्याला गुण येतो, एखाद्याला न्हाई येत...

फुलाबाई : तुमाला आला का?

कुंडलिक : तुमी च्या घ्या आधी.

फुलाबाई : सप्त्यात वीणा गळ्यात घालून उभे हुता. कीर्तन संपल्यावर बुवांनी कौतुकानं विचारलं, कुंडलिकराव, दोन-दोन तास उभ्यानं वीणेचा पहारा करता, पाय कसा साथ देतो? तवा विठ्ठलाम्होरं, सगळ्या गावाम्होरं म्हणालात, लेकीच्या पावडरीनं गादी भरली. डब्यावरच्या चित्रावर म्या इस्वास ठेवला न्हाई, भावजी. वीणेवर ठेवला.

कुंडलिक : पहाऱ्याआधी दुखायची गोळी घेत हुतो. कवा एक, कवा दोन.

(आतल्या दारात सुलक्षणा. हातात सीलबंद डबा.)

सुलक्षणा : कवापासनं, आबा?

कुंडलिक : तू तुझं काम कर, पोरी.

सुलक्षणा : कवापासनं?

कुंडलिक : पयल्यापासनं. तू पयला डबा आणलास. रोज आपल्या हातानं ढवळून द्यायचीस अन् विचारायचीस, बरं वाटतंय का. तुझ्या तोंडाकडं बघून न्हाई म्हणवेना.

सुलक्षणा : अन् तुमी व्हय म्हणालात, म्हणून म्या एजन्सी घेतली. पाली, गुंजवणे, गावोगाव दारोदार फिरले. बाया इचारायच्या, खरं का गं? म्या म्हणायचे, माझा बाप वीणेकरी हाय, त्यो खोटं बोलंल व्हय?

कुंडलिक : नवऱ्यानं टाकल्यावर पयल्यांदा हसाय लागली हुतीस तू.

फुलाबाई : तिचं हसू माझ्या गुडघ्यातनं काढलंत. यंदा लावणीला म्या बांधावर बसून बघायचं, दुसऱ्या बाया माझ्या वावरात कशा वाकत्यात ते.

कुंडलिक : पायताण काढून हाणा मला, वयनी.

फुलाबाई : पायताण काढाय वाकावं लागतंय.

(कुंडलिक डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवतो.)

फुलाबाई : माझं झालं ते झालं. भिमा येतीया मागनं. पस्तिशीची बाई, दोन म्हैनं झालं गुडघा दुखतोय. डॉक्टरकडं चल म्हणलं, तर म्हणती, आबांना गुण आला, मग दवाखाना कशाला?

सुलक्षणा : तिचाच डबा हाय ह्यो.

फुलाबाई : आली बघा. अंगणात चपला काढतीया.

सुलक्षणा : तुमी सांगता, का म्या सांगू?

कुंडलिक : हात दे, उठव मला. असलं बसून सांगू नये.