सोमवारी पाणी सुटतंय, महाराज

न्हाई, शाल मागनं घेते. आधी माझं ऐका. धनश्री मॅडम, भाषणाची ती चिठ्ठी तुमच्याकडंच राहू द्या. 'महाराजांच्या साधनेत सहचारिणीचा वाटा' असं तुम्ही छान अक्षरात लिहून दिलंय. पण मी चौथी शिकलेली बाई, माझा वाटा मला दुसऱ्याच्या अक्षरात सापडत नाही. आणि मला आधी एवढंच विचारायचंय, की एखाद्या बाईचा नवरा घर सोडून चाललाय हे तिला कुणाकडून कळावं? त्याच्याकडून? का दूध न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याकडून? तो म्हणाला, "काकू, फाट्यावर काकांचा फोटू लागलाय." मी चालत गेले, फ्लेक्सखाली उभी राहिले आणि एकेक अक्षर लावून वाचलं. 'गृहत्यागानिमित्त निरोप व सत्कार सोहळा.' जोडाक्षराला मी अडते, पण एवढं वाचता आलं. खाली तारीख होती, वेळ होती, शुभेच्छुकांचे फोटो होते. ज्या घराचा त्याग व्हायचाय, त्या घरात मात्र कुणी बोललेलं नव्हतं.

असो. रीत मोडायची नाही मला. तर आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच विजयमालाताई. कर्जतहून वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे प्राध्यापक राधाकृष्ण सर. महाराजांचे पहिले शिष्य आणि आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी कारभारीभाऊ. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे तुमचे महाराज आणि आमचे मालक. आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून सतरंजीवर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, सगळ्यांना माझा नमस्कार. मी शुद्ध बोलायचा प्रयत्न करीन. मध्येच सुटलं तर सांभाळून घ्या.

सरांचं भाषण मी मन लावून ऐकलं. फार छान बोलले. सर म्हणाले, लाखो वर्षांपूर्वी माणसाला आपण आहोत हेच ठाऊक नव्हतं. मग तो दोन पायांवर उभा राहिला, विस्तव पेटवला, बोलायला शिकला, आणि असं पुढं येता येता एक दिवस त्याला 'मी' कळला. आता ह्याच्या पुढचा टप्पा म्हणजे तो 'मी' गळून पडायचा, आणि आपल्या महाराजांचा तो गळून पडलाय. सर, तुमच्याविषयी आदर ठेवून विचारते. 'मी' गळून पडला, तर फाट्यावर एवढा मोठा फोटो कुणाचा आहे? आणि बोलायला लागणं हा जर पुढचा टप्पा होता, तर हे पंधरवडाभर मौन धरून बसलेत, ते माणूस म्हणून पुढं गेले का माघारी निघाले?

हसू नका. मला खरंच उत्तर पाहिजे आहे.

ज्ञान कसं झालं, ते इथं तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. कुणी म्हणालं उजेड दिसला, कुणी म्हणालं आवाज आला. अहो, मी तिथं होते की! मला विचारा. सर बाहेरचे, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. पाटाचं पाणी एका वाफ्यात भरलं, की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं तोंड उघडायचं. ह्याला आम्ही दारं धरणं म्हणतो. काम सोपं आहे, पण नजर हलवून चालत नाही. नजर हलली की वाफा फुटतो, आणि पाणी काही तुम्हाला विचारून वाहत नाही.

तर हे कांद्याला दारं धरत होते. ऊन डोक्यावर आलेलं. मी भाकरी घेऊन बांधापर्यंत पोचले आणि बघते तर हे फावड्यावर हनुवटी टेकवून उभे. वाफा भरला, फुटला, पाणी बांधावरून कारभारीभाऊंच्या रानात चाललं, आणि ह्यांचा चेहरा असा की जणू कुणी तरी ह्यांना लाडानं हाक मारतंय. कारभारीभाऊंचा कांदा काढून पातीखाली झाकून ठेवलेला. त्यात पाणी शिरलं.

आता कारभारीभाऊ समोर बसलेत, ते रागावणार नाहीत. आमच्या आणि त्यांच्या बांधाचं भांडण सासऱ्यांच्या वेळेपासूनचं आहे. नांगराचा एक फाळ बांध इकडं कोरला, म्हणून माणसं रुसलेली, लग्नात न जेवता उठलेली. भाऊ फावडं उचलून ह्यांच्या अंगावर पळत आले. "गहिन्या, आज तुला ह्याच पान्यात गाडतो!" असं मी माझ्या कानानं ऐकलं. मी टोपलं खाली ठेवलं. म्हटलं आता दोन डोकी फुटणार.

आणि हे काय करतात? हसले! म्हणाले, "कारभारी, पानी तुजं-माजं वळखत न्हाई रं."

भाऊंच्या हातातलं फावडं गळालं. उभ्या जन्मात ह्या माणसानं त्यांना शिवीशिवाय उत्तर दिलेलं नव्हतं. भाऊंनी सरळ पायच धरले. "माज्या कांद्यात पानी घालून जो हसतो, त्यो मानूस न्हाई!" असं म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं, पण माझा अर्थ निराळा होता. मग ह्यांनी भाऊंचे पाय धरले. मग पुन्हा भाऊंनी ह्यांचे. दोघं रडत होते.

मला एकच सांगा. दोन गडी तिथं, दोन फावडी तिथं, दोघंही एकमेकांच्या पाया पडतायत, आणि पाणी तर चाललंय. पाणी कुणी बंद केलं?

सरांच्या भाषणात ते आलं नाही. मी केलं. लुगडं खोचून चिखलात उतरले आणि फुटलेलं तोंड बुजवलं. त्यानंतर भाऊंचा भिजलेला कांदा मी आणि त्यांच्या मालकिणीनं दिवस बुडेपर्यंत पसरून वाळत घातला. ह्या दोघांचं तेव्हा बांधावर बसून जगाचं बोलणं चाललेलं.

तेव्हापासून घरी रीघ लागली. ज्ञान ह्यांना झालं आणि चहा मी करते. नारळ येतात, हार येतात, कुणाचं पोरगं अभ्यास करत नाही ते येतात, कुणाची बोअर आटली ते येतात. हे नुसते हसतात, आणि माणसं समाधानानं परत जातात. मला वाटायचं, ज्ञान झालेल्या माणसाला कशाची गोडी उरत नाही. पण ह्यांना चहात साखर कमी पडली की ते मौनातही कळतं. कप माझ्याकडं असा सरकवतात.

पण आयाबहिणींनो, हे सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. म्हणणार पण नाही. कारण ते काय असतं ते मला ठाऊक आहे.

व्हय. मला ठाऊक आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, माईकवर सांगायचं तर अजिबातच ठरवलं नव्हतं. आमची रोहिणी पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. घरातली सगळी माणसं मिरजगावला लग्नाला गेलेली, सासूबाई तेवढ्या शेजारी टेकायला गेल्या होत्या. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. आणि थापता थापता काय झालं कुणास ठाऊक, सगळं थांबलं. चूल होती, तवा होता, हात चालले होते, पण ते हात माझे आहेत असं वाटत नव्हतं. मी कुणाची सून नव्हते, कुणाची आई नव्हते, कुणी मला हाक मारणार नव्हतं. मी कुठं नव्हतेच. आणि तरी इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं, की डोळ्याला धार लागली. धूर नव्हता, लाकडं चांगली वाळलेली होती.

तेवढ्यात सासूबाई दारातून ओरडल्या, "आगं, करपली की! जीव कुठं ठिवलास?" मी परत आले. भाकरी उलटली, पोरगी रडत होती तिला घेतली, झालं.

माझा कुणी फ्लेक्स लावला नाही. लावावा असं माझं म्हणणं पण नाही. पण सर, तुम्ही अभ्यासू माणूस, ह्याच्यावर जरा विचार करा. त्या दिवशी माझी भाकरी उलटायला दुसरं कुणी असतं, तर आज घर सोडून टेकडीवर कोण निघालं असतं?

बरं, आता मुद्द्यावर येते. विजयमालाताई घड्याळाकडं बघतायत. टेकडीवर शिष्यमंडळींनी पत्र्याची खोली बांधली. चांगली बांधली. कार्यक्रम झाला की ट्रॅक्टर सजवून ह्यांना तिथं नेणार. न्या. मी आडवी येणार नाही. पण जाताना माणूस घरात सांगून जातो, बाजारला जायचं तरी सांगतो. आणि मागं काय आहे ते ऐका. आमची चंद्री म्हैस ह्यांच्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. लहानपणापासून ह्यांनीच वाढवलेली. परवापासून हे शिष्यांत बसले, मी धार काढायला गेले, तर तिनं दोनदा लाथ मारली आणि आज सकाळी तर वैरणीला तोंडसुद्धा…

काय? काय म्हणालात?

थांबा, गप बसा सगळे. टाळ्या नका वाजवू. अहो, मोठ्यानं बोला, माईक घ्या.

"अगं, मका घातलीस का कडबा?"

ऐकलं? सगळ्यांनी ऐकलं ना? पंधरवड्याचं मौन सुटलं. कारभारीभाऊ, रडू नका, लिहून घ्या, महाराजांचं पहिलं वचन आहे. मका घातली होती, अहो. कडबा संपत आलाय. आणि तुम्हाला म्हशीची काळजी वाटली ह्याचा मला आनंद आहे, खोटं नाही सांगत. पण सबंध भाषणात मी एवढं बोलले, माझ्यावरनं तुमच्या तोंडातून शब्द फुटला नाही. चंद्रीवरनं फुटला. हे मी लक्षात ठेवणार आहे.

तर ऐका. तुमचा 'मी' गळून पडला असेल नसेल, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. माझा गळून पडलेला नाही, आणि तो तुम्हाला विचारतोय. सोमवारी कॅनॉलला पाणी सुटतंय. रानात दोन माणसं लागणार. माझं म्हणणं इतकंच आहे, की आपण पाळी लावू. एका दिवशी तुम्ही फावड्यावर हनुवटी टेकवून जगात नसल्यासारखं उभं राहा, दारं मी धरीन, तुम्हाला हाकसुद्धा मारणार नाही. दुसऱ्या दिवशी मी उभी राहीन, आणि तेव्हा पाणीही तुम्ही बघायचं आणि भाकरीही तुम्ही उलटायची. मला पण बघायचंय, त्या दिवशी भाकरी करपली नसती तर पुढं काय झालं असतं ते. माझं अर्धवट राहिलंय.

हे मान्य नसेल तर तसं सांगा. मग मी चंद्रीला घेऊन टेकडीवर येते. खोली तेवढी वाढवा, गोठ्यासकट. पण मला वाऱ्यावर सोडून नुसतं हसायचं, हे चालणार नाही.

आज अध्यक्षांनी, पाहुण्यांनी माझं एवढं ऐकून घेतलं त्याबद्दल आभार मानते. मॅडम, तुमचं अक्षर वाया गेलं, मनावर घेऊ नका. सर, तुम्हाला उलट प्रश्न केले, ते राग म्हणून नव्हते. बोलण्याच्या भरात कुणाच्या पायावर पाय पडला असेल तर तो उचलला असं समजा. आणि आता ती शाल द्या, थंडी वाजायला लागलीय.

अहो, तुम्ही. सोमवारी सकाळी पाणी पाटाला लागायच्या आत मला उत्तर पाहिजे. व्हय का न्हाई, तोंडानं. मान हलवलेली मी धरणार नाही. आणि उत्तर कारभारीभाऊंच्या हाती पाठवायचं नाही, फाट्यावर फ्लेक्स लावून तर मुळीच नाही. घरी येऊन सांगायचं. चहा ठेवते.