माझी मुलगी, आबेलिनोची होडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका दोन्या एस्तेर. व्यासपीठावर अवघडून बसलेले वनरक्षकांचे प्रमुख. होडीवाले, ट्रॅक्टरवाले, मागे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, कॅप्टन आबेलिनो अंतिनाओ. सर्वांना एडगार्दो प्यू याचा नमस्कार.

निरोपाचं भाषण माझ्या गळ्यात कुणी घातलं ते मला ठाऊक नाही. पण ज्याच्यावर मी इतकी वर्षं जळतो आहे त्याचं कौतुक माझ्याच तोंडून ऐकायची संधी पिरामिदेस गावाला सोडवली नाही, हे भरलेल्या खुर्च्यांवरून दिसतंच आहे.

मी जळू नको तर काय करू? आखात एक, पाणी एक, प्रवाशांना देवमासे दाखवायला नेणाऱ्या आमच्या दोन्ही होड्या लाटांत ढकलणारा ट्रॅक्टरही एक. मी जवळ गेलो की देवमाशीण पिल्लाला पलीकडच्या कुशीला घेते आणि चालू लागते. हा नुसता थांबतो, तर ती याच्या होडीला खेटून श्वास सोडते! त्या वासट फवाऱ्यानं भिजलेले प्रवासी किनाऱ्यावर उतरून माझ्या कोरड्या प्रवाशांना सगळं रंगवून सांगतात. एकदा न राहवून विचारलं, "आबेलिनो, करतोस तरी काय रे?"

म्हणाला, "काही नाही करत."

अशा माणसाचं काय करावं, दोन्या एस्तेर?

हेही मी गिळलं असतं. पण माझ्या रोवेनाला होडी चालवायचा परवाना मिळाला, मी तिच्यासाठी नवं जाकीट आणलं, आणि जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी आबेलिनोकाकांच्या होडीवर जाणार."

"का? आपल्या होडीला भोक पडलंय?"

"तुम्ही इंजिन बंदच करत नाही."

"घरात तरी कुठे करतात!" तिची आई म्हणाली. हसा, मंडळी. त्या दिवशी त्या दोघीही हसल्या होत्या.

त्यानंतरच्याच सप्टेंबरात एक लेकुरवाळी देवमाशीण नांगराच्या दोरात अडकली. बाहेरच्या कुठल्याशा होडीचा सुटलेला दोर शेपटीच्या मुळाशी आवळला होता. मी आधी पोहोचलो. कापायला जवळ गेलो की ती शेपूट आपटायची, दोर आणखी रुतायचा. इथे असताना आई काही खात नाही, हे आपल्याला माहीत आहे. अंगच्या चरबीवर स्वतः जगते आणि लेकराला पाजते. म्हणजे प्रत्येक तडाख्याबरोबर पिल्लाच्या तोंडचं दूध वाया चाललं होतं. पिल्लू दूर, भलत्याच दिशेला गोल गोल फिरत होतं.

आबेलिनो आला, लांबच थांबला आणि वायरलेसवर म्हणाला, "एडगार्दो, इंजिन बंद कर."

"अरे, मरेल ती!"

"पिल्लाला आई ऐकू येत नाहीये. बंद कर."

ही मायलेकरं कुजबुजत बोलतात, पिल्लांची शिकार करणाऱ्या ओर्कांच्या कानी जाऊ नये म्हणून. त्या कुजबुजीवर मी दोन इंजिनं घरघरवत होतो. बंद केली. वारा सोडला तर कसलाच आवाज नव्हता. मग पिल्लू वळलं, येऊन आईच्या कुशीला लागलं, आणि ती एवढी थोरली माय निवांत झाली. आबेलिनोची होडी तरंगत तरंगत तिच्याजवळ गेली. याचा खांदा त्याआधीच निकामी झालेला. यानं लांब काठीचा कोयता माझ्या मुलीच्या हातात दिला.

"रोवेना, मागे हो!" मी ओरडलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, याच्याकडे पाहिलं. यानं मान हलवली आणि ती त्या शेपटीवर ओणवी झाली. एक फटका बसला असता तर होडीसकट गेली असती. मी भ्यालो होतो, आणि खोटं कशाला बोलू, त्या भीतीतही मत्सरच वर होता. माझी पोर जिवावर उदार झाली होती, आणि ती कुणाच्या भरवशावर?

दोर तुटला. आई पिल्लाला घेऊन सावकाश खोल पाण्यात गेली. रोवेना आबेलिनोच्या गळ्यात पडून रडली. मी माझ्या होडीत उभा होतो.

गेल्या आठवड्यात हा आमच्या घरी आला. आपल्या कडू 'माते' चहाचे दोन घोट घेतले, टोपी हातात फिरवत बसला आणि म्हणाला, "एडगार्दो, मला ना मूल ना बाळ. एक विचारू? रोवेना घरी माझ्याबद्दल काही बोलते का रे?"

मी किटली उचलून आत गेलो. पाणी गरम होतं, तरी पुन्हा तापवलं. उत्तर दिलं नाही. ते आज, सगळ्यांदेखत देतो.

रोज बोलते. कुरव पक्षी देवमाशांच्या पाठी टोचायला उतरले की तू त्यांना कसल्या शिव्या देतोस, ते सांगते. प्रवाशांनी हट्ट केला तरी होडी पुढे न्यायला तू कसा नकार देतोस, ते सांगते. तू डोंगरात बहिणीकडे निघालास आणि होडी तिच्या हाती दिलीस, तेव्हा वाटलं, चला, आता जेवणाचं टेबल माझं झालं. कसलं काय! काल रात्रीही सूप गार होईपर्यंत तूच होतास.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. आणि आबेलिनो, तुझ्या कौतुकात माझे शब्द कमी पडले असतील, तर पहिल्या रांगेत माझी मुलगी बसली आहे. बाकीचे तिच्याकडून घे.